हिशेबाची दुसरी नक्कल : संगणकाचा बॅकअप मोफत आणि कायदेशीर मार्गाने

आपल्या समाजातील लहान-मोठ्या व्यापाऱ्यांचा बहुतेक कारोबार उधारीवर चालतो. सूत उधारीवर येते, ग्रे कापड उधारीवर जाते, प्रोसेसिंगवाल्याचे बिल महिन्याने चुकते होते आणि किरकोळ दुकानदार ईदनंतर पैसे देण्याचा वायदा करतो. या सगळ्याचा आधार म्हणजे लिहिलेला हिशेब. पूर्वी तो लाल कापडाच्या बांधणीच्या वहीत असे आणि वही तिजोरीत असे. आज तो दुकानातल्या संगणकात असतो आणि संगणक मात्र गल्ल्याशेजारी उघड्यावर असतो. वहीला जेवढे जपले जाई, तेवढे या यंत्राला जपले जात नाही.

पवित्र कुरआनमधील सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे आणि साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये असेही त्यात बजावले आहे. लिहिण्यामागचा हेतू असा की, उद्या वाद झाला तर कागद बोलावा. लिहिलेले नाहीसे झाले तर हा हेतूच संपतो. म्हणून लिहून ठेवणे जेवढे जरुरीचे, तेवढेच लिहिलेले टिकवणे जरुरीचे आहे.

या लेखात संगणकाची नक्कल, म्हणजे बॅकअप, कसा घ्यावा आणि संगणक बिघडल्यावर तो परत उभा कसा करावा, याची माहिती देत आहोत. यासाठी लागणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि ती वापरणे पूर्णपणे कायदेशीर आहे. खर्च होतो तो फक्त एक-दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि एका पेनड्राइव्हचा.

काय जाऊ शकते?

दुकानाच्या संगणकात नेमके काय आहे, याची आधी यादी करावी. टॅली किंवा तत्सम प्रोग्रॅममधील खाती, जीएसटीची विवरणपत्रे, ई-वे बिले, पार्ट्यांची येणी-देणी, कामगारांची उचल आणि बाकी, बँकेची स्टेटमेंट, भाडेकरार, मालाचे फोटो. एम्ब्रॉयडरी आणि जरीकाम करणाऱ्या कारागिरांकडे याहून मोलाची गोष्ट असते, ती म्हणजे डिझाइनच्या फाइली. मल्टिहेड मशीनवर चालणारी डीएसटी फाइल आणि ती जिच्यातून तयार होते ती ईएमबी फाइल बनवायला पंचिंग करणाऱ्याचे अनेक दिवस जातात. जॅकार्डवाल्यांच्या ग्राफचेही तसेच. मशीन नवीन विकत घेता येते, पण वीस वर्षांत जमा झालेली डिझाइने कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

कामगाराच्या उचलीचा हिशेब गेला तर प्रश्न केवळ मालकाच्या नुकसानीचा राहत नाही. ज्याचे देणे होते त्याचा हक्क बुडण्याची भीती असते आणि ज्याने फेडले होते त्याच्याकडे पुन्हा मागणी होण्याची भीती असते. जकात काढतानाही शिल्लक माल आणि वसूल होण्यासारखी येणी यांचा आकडा हाताशी लागतो. अंदाजाने काढलेली जकात कमी पडली तर ती जबाबदारी मानेवर राहते.

कायद्याची बाजूही आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, जपावी लागतात. आणि २०१७ च्या केंद्रीय जीएसटी नियमांतील नियम ५७ स्पष्टपणे सांगतो की, हिशेब संगणकात ठेवणाऱ्याने त्याचा योग्य बॅकअप ठेवावा, जेणेकरून अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी वेळेत त्या परत मिळवता येतील. "संगणक बिघडला" हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालत नाही.

नुकसान कोणत्या वाटेने येते?

पहिली वाट हार्ड डिस्कची. फिरणाऱ्या तबकडीची डिस्क कधी ना कधी बंद पडतेच. नव्या पद्धतीच्या एसएसडीत फिरणारा भाग नसतो, परंतु ती बिघडते तेव्हा अनेकदा काहीही इशारा न देता बिघडते. यंत्रमागाच्या गावांत विजेचा चढउतार आणि सुताची बारीक धूळ हे दोन शत्रू आणखी आहेत. म्हणून यूपीएस लावावा आणि संगणक वेळोवेळी साफ करून घ्यावा.

दुसरी वाट पाण्याची आणि आगीची. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदीच्या काठच्या वस्त्यांत तळमजल्यावरची दुकाने आणि कारखाने पाण्याखाली गेले. त्यानंतर सुमारे वर्षभराने, ऑगस्ट २००६ मध्ये, तापीच्या पुराने सुरत शहराचा फार मोठा भाग बुडाला. कापडाच्या गाठींबरोबर संगणकही बुडाले. ज्याची नक्कल त्याच खोलीत, त्याच कपाटात होती, त्याची नक्कलही बुडाली.

तिसरी वाट खंडणीखोर व्हायरसची. हा व्हायरस फाइली पुसत नाही. तो त्यांना कुलूप लावतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या अशाच व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांतील संगणक बंद पाडले. विंडोजमधल्या ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते प्रामुख्याने सापडले. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : संगणकाला कायम जोडून ठेवलेल्या एक्स्टर्नल डिस्कवरही हा व्हायरस कुलूप लावतो.

चौथी वाट माणसाच्या हाताची. चुकीचे फोल्डर पुसले जाते, जुन्या वर्षाच्या कंपनीवर नवे वर्ष चढवले जाते, दुरुस्तीवाला न विचारता डिस्क फॉरमॅट करतो. चोरीही याच खात्यात मांडावी.

नकलेचे दोन प्रकार

बॅकअप दोन प्रकारचा असतो आणि दोन्ही लागतात.

पहिला फाइलींचा बॅकअप. यात फक्त आपली कमाई, म्हणजे हिशेब, डिझाइने, कागदपत्रे आणि फोटो यांची नक्कल घेतली जाते. हे रोजचे काम आहे. कारण हिशेब रोज बदलतो.

दुसरा संपूर्ण डिस्कचा बॅकअप. याला 'इमेज' म्हणतात. यात विंडोज, टॅली, प्रिंटरची सोय, एम्ब्रॉयडरीचे सॉफ्टवेअर, सगळ्या सेटिंग्ज आणि सगळ्या फाइली यांचा एकत्र ठसा घेतला जातो. डिस्क जळाली तर नवी डिस्क टाकून हा ठसा तिच्यावर उमटवायचा. मग संगणक ठसा घेतला त्या दिवशी जसा होता तसा उभा राहतो. हे काम महिन्या-दोन महिन्यांनी केले तरी चालते.

कपड्याच्या भाषेत सांगायचे तर इमेज हा पूर्ण ठाण आहे आणि रोजचा बॅकअप हा त्यानंतर विणला गेलेला तुकडा. दोन्ही जोडले की माल पुरा होतो.

खुल्या स्रोताची सॉफ्टवेअर म्हणजे काय?

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, सर्वांसाठी खुला असतो, आणि जे वापरण्याची, वाटण्याची व सुधारण्याची लेखी परवानगी बनवणाऱ्यानेच दिलेली असते, त्याला ओपन सोर्स म्हणतात. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्स जगापुढे ठेवले. ही चळवळ तेव्हापासून वाढत आहे.

आपल्याकडे अनेक दुकानांत चोरीची, म्हणजे 'क्रॅक' केलेली सॉफ्टवेअर सर्रास वापरली जातात. दुरुस्तीवाला ती 'फुकट' टाकून देतो आणि मालक खूश होतो. यात दोन तोटे आहेत. एक, अशा क्रॅकमधूनच अनेकदा व्हायरस येतो. दोन, तो दुसऱ्याच्या मेहनतीचा माल आहे. इस्लामी देशांच्या संघटनेशी संलग्न आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवैत येथील पाचव्या अधिवेशनात ठराव केला होता की, व्यापारी नाव, लेखन आणि शोध यांवरील हक्कांना आज आर्थिक मोल आहे, शरीअत ते मान्य करते आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही. भारतातही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-ब जाणूनबुजून चोरीचे सॉफ्टवेअर वापरणे शिक्षापात्र ठरवते. बॅकअपच्या कामासाठी तर चोरीची मुळीच गरज नाही. खाली दिलेली चारही साधने खुल्या परवान्यावर, व्यापारी कामासाठीसुद्धा, मोफत आहेत. मात्र ती त्या-त्या प्रकल्पाच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावीत. सर्चमध्ये वर दिसणारी जाहिरात दाबू नये.

तीन-दोन-एकचा नियम

बॅकअपचा एक सोपा नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी मांडला आणि तो जगभर रूढ झाला. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या जागी असावी.

दुकानदारासाठी याचा साधा अर्थ असा. एक प्रत संगणकात आहेच. दुसरी प्रत एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. तिसरी प्रत घरी किंवा इंटरनेटवरील साठवणुकीत. दोन एक्स्टर्नल डिस्क घेतल्या तर आणखी सोय होते. एक आठवडा 'अ' डिस्क दुकानात आणि 'ब' घरी, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. ज्यांची सुट्टी जुम्याला असते त्यांनी गुरुवारी संध्याकाळी डिस्क बदलून घरी न्यावी. बॅकअप संपला की डिस्क काढून ठेवावी. जोडूनच ठेवली तर व्हायरस आणि विजेचा झटका दोघांनाही ती सापडते.

पेनड्राइव्हवर एकमेव प्रत ठेवू नये. तो हरवतो आणि लवकर खराब होतो. वर्षानुवर्षे कपाटात ठेवायची प्रत एसएसडीवरही ठेवू नये. कारण वीज न मिळता फार काळ पडून राहिलेली एसएसडी माहिती गमावू शकते. दीर्घकाळासाठी साधी हार्ड डिस्क बरी.

रोजचा बॅकअप : डुप्लिकाटी

फाइलींच्या रोजच्या बॅकअपसाठी 'डुप्लिकाटी' हे सॉफ्टवेअर सोयीचे आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. बसवल्यावर त्याचा पडदा ब्राउझरमध्ये उघडतो, मात्र काम आपल्याच संगणकात होते. कृती अशी :

१. 'ॲड बॅकअप' निवडून नाव द्यावे, उदाहरणार्थ 'दुकान-रोज'.

२. कुलपाचा प्रकार विचारला जातो. तेथे एईएस-२५६ ठेवून एक लांब पासवर्ड द्यावा. डिस्क चोराच्या हाती पडली तरी त्याला आपल्या पार्ट्यांची नावे आणि आकडे वाचता येणार नाहीत. हा पासवर्ड विसरला तर बॅकअप कोणीही उघडू शकत नाही, बनवणारेसुद्धा नाहीत. म्हणून तो कागदावर लिहून घरी ठेवावा.

३. बॅकअप कोठे ठेवायचा ते सांगावे. एक्स्टर्नल डिस्कवरील फोल्डर निवडावे. दुकानाबाहेरच्या प्रतीसाठी अशीच दुसरी नोंद करून गूगल ड्राइव्हसारखी इंटरनेट साठवण निवडता येते. फाइली कुलूप लावूनच बाहेर जातात.

४. कोणती फोल्डर घ्यायची ते सांगावे. टॅलीत प्रत्येक कंपनीचे आकड्यांच्या नावाचे वेगळे फोल्डर असते. ते 'डेटा' फोल्डरमध्ये सापडते. त्याची जागा टॅलीतच दिसते, ती पाहून घ्यावी. डिझाइने, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सही घ्यावीत.

५. वेळ ठरवावी. दुकान बंद होण्याच्या अर्धा तास आधीची वेळ चांगली.

६. जुन्या प्रती किती ठेवायच्या हे विचारले जाते. तेथे 'स्मार्ट' पर्याय निवडावा. त्यात अलीकडच्या प्रती रोजच्या, त्याआधीच्या आठवड्याच्या आणि आणखी जुन्या महिन्याच्या राहतात.

हा सहावा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. अनेक जण रोज त्याच फोल्डरवर नवी प्रत चढवतात. सोमवारी खाते बिघडले आणि मंगळवारी बिघडलेलेच खाते चांगल्या प्रतीवर चढले, तर बुधवारी हातात काय राहिले? गेल्या आठवड्याची आणि गेल्या महिन्याची प्रत वेगळी असेल तरच मागे जाता येते. डुप्लिकाटी पहिल्या दिवशी सर्व फाइली घेते आणि नंतर फक्त बदललेला भाग घेते. म्हणून जुन्या प्रती ठेवूनही जागा कमी लागते.

टॅली चालू असताना बॅकअप घेऊ नये. आधी प्रोग्रॅम बंद करावा. चालत्या मागावरून कापड मोजले तर माप चुकते, तसाच हा प्रकार आहे. टॅलीत स्वतःचीही बॅकअप-रिस्टोअरची सोय आहे. आठवड्यातून एकदा तीही वापरावी आणि तयार झालेली फाइल डुप्लिकाटीच्या यादीतील फोल्डरमध्ये ठेवावी.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे अशा कारागिरांनी नमुन्यांचे आणि मापांच्या वहीचे फोटो महिन्यातून एकदा केबलने नातेवाइकाच्या किंवा ठेकेदाराच्या संगणकात उतरवून घ्यावेत. फोन हरवला तरी नमुने राहतील.

संपूर्ण डिस्कची इमेज : रेस्क्यूझिला

डिस्कची इमेज घेण्यासाठी 'क्लोनझिला' हे प्रसिद्ध साधन आहे. ते तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात तयार झाले. ते पक्के आहे, पण त्याचा पडदा जुन्या धर्तीचा, नुसत्या अक्षरांचा आहे. 'रेस्क्यूझिला' हे त्याच पद्धतीचे, परंतु माउसने चालणारे साधन आहे. दोघांच्या इमेज एकमेकांना चालतात. नवख्याने रेस्क्यूझिलापासून सुरुवात करावी.

पूर्वतयारी अशी. रेस्क्यूझिलाची आयएसओ फाइल उतरवून घ्यावी आणि 'रुफस' या खुल्या साधनाने ती पेनड्राइव्हवर चढवावी. चार जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरचे आधीचे सर्व पुसले जाते, म्हणून रिकामाच घ्यावा.

विंडोज नेहमीसारखे बंद केले तर 'फास्ट स्टार्टअप' या सोयीमुळे ते अर्धवट झोपलेले राहते आणि डिस्कची नक्कल नीट होत नाही. म्हणून शिफ्ट कळ दाबून ठेवून 'शट डाउन' करावे. तसेच नव्या संगणकांत बिटलॉकर नावाचे डिस्कचे कुलूप आपोआप लागलेले असू शकते. सेटिंग्जमध्ये ते पाहावे. कुलूप असेल तर रेस्क्यूझिलाला आतल्या फाइली ओळखता येत नाहीत, ती रिकाम्या जागेसह पूर्ण डिस्क उतरवते आणि इमेज प्रचंड मोठी होते. कुलूप काढून इमेज घ्यावी किंवा तेवढी जागा ठेवावी. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी किल्ली तर कोणत्याही परिस्थितीत कागदावर उतरवून ठेवावी. मदरबोर्ड बदलल्यावर संगणक तीच मागतो.

आता कृती :

१. पेनड्राइव्ह आणि एक्स्टर्नल डिस्क जोडावी. संगणक सुरू करताना बूट मेनूची कळ दाबावी. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक संगणकांवर ती एफ-१२ असते, एचपीवर एफ-९. यादीतून पेनड्राइव्ह निवडावा.

२. रेस्क्यूझिला उघडल्यावर 'बॅकअप' दाबावे. कोणती डिस्क घ्यायची ते विचारले जाईल. आकारावरून आणि नावावरून संगणकाची डिस्क ओळखावी.

३. डिस्कचे सर्व भाग निवडलेले ठेवावेत. लहान भाग अनावश्यक वाटतात, पण विंडोज सुरू होण्यासाठी ते लागतात.

४. इमेज कोठे ठेवायची ते विचारल्यावर एक्स्टर्नल डिस्क निवडावी आणि तारखेसह नाव द्यावे.

५. काम सुरू होते. डिस्कवर जेवढा मजकूर आहे तेवढाच घेतला जातो आणि तो दाबून लहान केला जातो. वेळ डिस्कच्या भरतीवर आणि वेगावर अवलंबून आहे. सुट्टीच्या दिवशी सुरू करून ठेवावे.

६. संपल्यावर 'व्हेरिफाय इमेज' चालवावे. इमेज धड आहे की नाही ते कळते.

ही इमेज कुलूपबंद नसते. डिस्क घराबाहेर फिरणार असेल तर 'व्हेराक्रिप्ट' या चौथ्या साधनाने ती इमेज कुलपाच्या पेटीत ठेवता येते. घरच्या तिजोरीत राहणार असेल तर तिजोरीचे कुलूप पुरे.

संगणक परत उभा करणे

समजा डिस्क मेली. नवी डिस्क आणावी. ती जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी. लहान डिस्कवर इमेज सरळ उतरत नाही. दुकानदार पाचशे जीबीच्या जागी चारशे ऐंशीची देऊ लागला तर घेऊ नये.

नवी डिस्क बसवून पुन्हा रेस्क्यूझिलाचा पेनड्राइव्ह लावावा, 'रिस्टोअर' दाबावे, एक्स्टर्नल डिस्कवरची इमेज निवडावी आणि ती कोणत्या डिस्कवर उतरवायची ते सांगावे. ही पायरी सर्वांत धोक्याची आहे. निवडलेल्या डिस्कवरचे सर्व काही पुसले जाते. घाईत एक्स्टर्नल डिस्कच निवडली तर उरलेली प्रतही जाईल. म्हणून इमेज जिच्यात आहे ती आणि नवी डिस्क सोडून बाकी काहीही संगणकाला जोडू नये, आणि दोन्हींचा आकार कागदावर लिहून मगच 'नेक्स्ट' दाबावे. मोठी डिस्क घेतली असेल तर उरलेली जागा नंतर वाढवून घेता येते.

विंडोज सुरू झाले की अर्धे काम झाले. संगणक इमेज घेतली त्या तारखेचा आहे, त्यानंतरचा हिशेब अजून नाही. तो डुप्लिकाटीतून आणायचा. 'रिस्टोअर' दाबावे, डिस्क जोडावी, पासवर्ड द्यावा, सर्वांत ताजी तारीख निवडावी. फाइली आधी वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवाव्यात आणि शेवटचे व्हाउचर पाहून खात्री झाल्यावरच मूळ जागी ठेवाव्यात.

पूर्णपणे वेगळ्या बनावटीच्या संगणकावर जुनी इमेज उतरवली तर विंडोज सुरू न होण्याची किंवा नव्याने परवाना मागण्याची शक्यता असते. अशा वेळी नव्या संगणकात प्रोग्रॅम नव्याने बसवावेत आणि डुप्लिकाटीतून फक्त फाइली घ्याव्यात. दोन्ही प्रकारचे बॅकअप ठेवावेत असे वर म्हटले, ते यासाठीच.

चाचणी न केलेला बॅकअप भरवशाचा नाही

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. त्यांतली एकही नीट चालत नव्हती, हे त्या दिवशी कळले आणि कंपनीने ते स्वतः जाहीर केले. सुमारे सहा तास आधीची एक प्रत हाती लागली म्हणून बाकीचे वाचले. ज्यांचा धंदाच संगणकाचा, त्यांची ही अवस्था, तर आपण किती सावध राहावे?

म्हणून तीन महिन्यांतून एकदा चाचणी घ्यावी. डुप्लिकाटीतून एक जुने फोल्डर वेगळ्या जागी उतरवावे, टॅलीत उघडावे आणि एखाद्या पार्टीची बाकी छापील कागदाशी ताडून पाहावी. एक एम्ब्रॉयडरी फाइल मशीनवर चढवून पाहावी. वर्षातून एकदा जुन्या, रिकाम्या डिस्कवर पूर्ण इमेज उतरवून संगणक सुरू होतो का ते पाहावे. त्या वेळी मूळ डिस्क काढून बाजूला ठेवावी.

नक्कलच नसेल तर?

बॅकअप नसताना फाइली पुसल्या गेल्या तर पहिले काम म्हणजे त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये. संगणक लगेच बंद करावा. पुसलेली फाइल डिस्कवर काही काळ तशीच असते आणि तिच्यावर दुसरे काही लिहिले गेले की कायमची जाते. 'टेस्टडिस्क' आणि 'फोटोरेक' ही खुल्या परवान्याची साधने अशा फाइली शोधून काढतात. सापडलेल्या फाइली मात्र दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात. एसएसडीवर यश मिळण्याची आशा फार कमी असते, कारण पुसलेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते. खडखड आवाज करणारी डिस्क घरी चालवू नये. ती तज्ज्ञाकडेच द्यावी. तेथे खर्च मोठा होतो आणि हमी नसते.

दुरुस्तीवाल्याकडे संगणक देण्याआधी बॅकअप घ्यावा आणि "फॉरमॅट करू नये" असे पावतीवर लिहून घ्यावे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जे आता संगणक किंवा विंडोज बदलत आहेत, त्यांनी बदलण्यापूर्वी पूर्ण इमेज जरूर घ्यावी.

घरच्यांना माहीत असावे

शेवटी एक नाजूक बाब. मालक अचानक अल्लाहला प्यारा झाला तर त्याचे देणे कोणाचे, येणे कोणाकडे, हे वारसांना कसे कळणार? वारसाहक्काच्या वाटणीआधी मय्यतीचे कर्ज फेडणे बंधनकारक आहे. त्या कर्जाची यादी कुलूपबंद संगणकात असेल आणि पासवर्ड मालकाबरोबर गेला असेल, तर घरचे लोक फेडण्याची इच्छा असूनही लाचार होतात. म्हणून संगणकाचा, टॅलीचा आणि बॅकअपचा पासवर्ड, डिस्क कोठे ठेवली आहे आणि पेनड्राइव्ह कसा वापरायचा, हे एका कागदावर लिहून बंद पाकिटात, वसीयतीच्या कागदांसोबत ठेवावे. मुलगा किंवा मुलगी, ज्याला संगणकाची समज आहे, त्याला एकदा समोर बसवून सगळी कृती करून दाखवावी.

थोडक्यात वेळापत्रक असे : रोज संध्याकाळी डुप्लिकाटी. दर आठवड्याला डिस्कची अदलाबदल आणि टॅलीचा स्वतःचा बॅकअप. दर दोन महिन्यांनी, तसेच नवे सॉफ्टवेअर बसवण्याआधी, रेस्क्यूझिलाची इमेज. दर तीन महिन्यांनी चाचणी. पहिल्या वेळी एक सुट्टीचा दिवस जाईल. नंतर रोजची पाच मिनिटे पुरतात. शटर खाली ओढून कुलूप दोनदा ओढून पाहण्याची आपली सवय आहे. तिच्याच शेजारी ही सवय लावून घ्यावी. अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि लोकांचे हक्क वेळेवर अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.